विमानाच्या शेपटीच्या ट्रिमचा आकडा दर उड्डाणाला का बदलतो?

प्रश्न : पदविकेचा विद्यार्थी, टिळकवाडी (बेळगाव)

नमस्कार. मी यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असून घरी सिम्युलेटरवर बोइंग 737-800 चा सराव करतो. उड्डाणापूर्वी एफएमसी (विमानातला उड्डाण-संगणक) ट्रिमचा, म्हणजे हातावर भार न येता नाक हव्या कोनात राहावे यासाठी केलेल्या जुळवणीचा, जो आकडा दाखवते, तो एकदा 4.2 येतो तर एकदा 6.1, आणि तेही धावपट्टी तीच असताना. हा आकडा अंशांत असतो का? तो संपूर्ण आडव्या शेपटीचा की तिच्या मागच्या एलेव्हेटरचा (नाक वरखाली करणाऱ्या हलत्या पाकळीचा)? मी दर वेळी पाचावरच ठेवले तर काय बिघडेल? आणखी एक अडचण म्हणजे, उड्डाणानंतर नाक वर ठेवण्यासाठी मी ट्रिमच वापरतो, पण विमान सारखे हेलकावे खाते.

उत्तर : निवृत्त तंत्रज्ञ, सांबरा

आकडा संपूर्ण आडव्या शेपटीचा, म्हणजे स्टॅबिलायझरचा आहे. 737 वर तो 0 ते 17 युनिटांच्या पट्टीवर वाचतात. ही युनिटे शेपटीच्या कोनाशी बांधलेली असली तरी शून्य युनिट म्हणजे शेपटी सपाट, असे मात्र समजू नका.

उसाची बैलगाडी आठवा. ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते, पुढे आले की जू बैलांच्या मानेवर बसते. विमानातही प्रवासी, सामान आणि इंधन यांनुसार गुरुत्वमध्य पुढेमागे सरकतो. तो पुढे असेल तर नाक जड होते, म्हणून शेपटीने खाली अधिक दाब द्यावा लागतो. त्यासाठी स्टॅबिलायझरची पुढची कड खाली झुकवतात आणि युनिटांचा आकडा वाढतो. भार तोच असला तरी त्याची मांडणी बदलली की आकडा बदलणारच.

पाचावर ठेवल्यास बहुधा उड्डाण होईल, कारण ट्रिमच्या मोजपट्टीवरील हिरव्या पट्टीत (उड्डाणासाठी सुरक्षित भागात) थोडी मोकळीक असते. परंतु गरज साडेसहाची असेल तर नाक उचलताना योक (वैमानिकाच्या हातातले सुकाणू) जड लागेल आणि धावपट्टी जास्त खर्च होईल. गरज साडेतीनचीच असेल तर नाक आपणहून लवकर उठू पाहील, शेपटी जमिनीला घासण्याची भीतीही राहील. हिरव्या पट्टीच्या बाहेर ट्रिम ठेवून थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवणारा दांडा) पुढे केलेत तर धोक्याचा भोंगाच वाजतो.

हेलकाव्यांचे कारण तुमची पद्धत आहे. आधी योकने नाक हवे तेथे धरा, वेग स्थिर होऊ द्या आणि मगच हातावरचा भार उतरेपर्यंत ट्रिम द्या.

उत्तर : लेथवाला, उद्यमबाग

एवढी मोठी शेपटी हलवते कोण, हेही विद्यार्थ्याने पाहावे. तेथे एक उभा स्क्रू असतो. तो फिरला की नट वरखाली सरकतो आणि त्याबरोबर शेपटीची पुढची कड. 737 मध्ये हा बॉलस्क्रू (आट्यांत गोळ्या फिरणारा स्क्रू) असतो, आपल्या सीएनसीत असतो तशाच तत्त्वाचा. एमडी-83 विमानात मात्र ॲक्मी (समलंब आकाराच्या) आट्यांचा पोलादी स्क्रू आणि ॲल्युमिनियम ब्रॉन्झचा नट होता. 31 जानेवारी 2000 रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ अलास्का एअरलाइन्सचे असे एक विमान कोसळून त्यातील 88 जण दगावले. पुरेशा वंगणाअभावी नटाचे आटे झिजून निघाले होते. आमच्या लेथचा नट झिजला तर फार तर माप चुकते, म्हणून ग्रीसबाबत दुर्लक्ष होते. तेव्हा हे प्रकरण मी नव्या पोरांना आवर्जून सांगतो.

उत्तर : खानापूरचा प्रवासी

सांबऱ्याच्या विमानतळावर जेट विमानात चढताना शेपटीच्या मुळाशी नजर टाकावी. स्टॅबिलायझर सरकतो तेथे विमानाच्या अंगावर खुणा रंगवलेल्या दिसतात. पंख्यांच्या एटीआर 72 विमानावर त्या शोधू नयेत, कारण तिचा स्टॅबिलायझर स्थिर असून ट्रिमचे काम एलेव्हेटरवरच्या छोट्या टॅबने होते. जेटचा वेग आणि भार यांचा पल्ला मोठा असतो. तेथे सारा भार एलेव्हेटरवर टाकला तर त्याची बरीच हालचाल ट्रिममध्येच खर्च होईल आणि ओढही वाढेल.

पुन्हा प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. काल योक धरून, ट्रिमचे बटण थोडे थोडे दाबत उड्डाण केले. हेलकावे जवळजवळ थांबले. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) आत घेताना मात्र नाक अजून वर जाऊ पाहते.

निवृत्त तंत्रज्ञ, सांबरा

त्या वेळी वेगही वाढत असतो, म्हणून नाक खाली नेणारी ट्रिम टप्प्याटप्प्याने देत राहावी लागते. गुडघ्याजवळचे ट्रिमचे चाक खडखडत फिरते ते याचसाठी.