हजार चाहते आणि लेखकाचा हिशेब

शाईसांडू: "हजार सच्चे चाहते जमवा, बाकी आपोआप होतं." परवा एका व्यवसाय सल्लागाराने हा मंत्र पुन्हा ऐकवला. मूळ मांडणी अमेरिकी लेखक केविन केली यांची, २००८ची: हजार चाहत्यांनी वर्षाला प्रत्येकी १०० डॉलर थेट तुमच्या हातात ठेवले की झाले लाख डॉलर. मराठीत हे कसं बसवायचं? १०० डॉलर म्हणजे आठ हजारांच्या वर. कथासंग्रह ३०० रुपयांचा धरला, तर एकेका वाचकाने माझी वर्षाला निदान सत्तावीस पुस्तकं घ्यायची. मी लिहिणार तीन वर्षांत एक! आपल्याकडे हजाराची आवृत्ती संपली तरी लोक पेढे वाटतात.

हिशेबनीस: हजार हा आकडा काही पक्का नाही, हे केलींनीच सांगितलंय. लाख डॉलर मागतंय कोण? मुद्दा मधले लोक गाळण्याचा आहे. ३०० च्या पुस्तकावर लेखकाला १० टक्के मानधन म्हणजे ३० रुपये, तेही प्रकाशकाला चार फोन केल्यावर. स्वतः छापा, खर्च वजा जाता शंभर सुटले तरी हजार वाचकांचे लाख रुपये होतात. नोकरी सोडू नका, पण रडगाणंही नको.

शाईसांडू: सुटतील हो, पण पाठवायचं कसं? पुस्तकं स्वस्तात पाठवायची टपालाची सोय, रजिस्टर्ड बुक पोस्ट, डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. शिवाय पाकिटं, चिकटपट्टी, पिनकोड चुकलेले पत्ते आणि "सर, पुस्तक अजून आलं नाही". रविवार त्यातच जातो. लिहायचं कधी?

तिरफळ: मग ई-बुक काढा.

शाईसांडू: ॲमेझॉनच्या किंडलवर भारतातल्या विक्रीचे ७० टक्के हवे असतील तर त्यांच्या सिलेक्ट योजनेत जावं लागतं, म्हणजे ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेही ठेवायचं नाही. नाहीतर ३५ टक्के. मधला माणूस गेला कुठे? फक्त फोन उचलेनासा झाला.

तिरफळ: हे मात्र खरं. पण वर्गणीदार आपल्याला नवे आहेत का? साने गुरुजींनी १९४८ मध्ये 'साधना' काढलं, ते आजही वर्गणीवर घरोघरी जातं.

शाईसांडू: साप्ताहिकाला दर आठवड्याला अंक असतो. माझी कथा सहा-सहा महिने अडून बसते. वर्गणी घेऊन लोकांना काय, खाडाखोड पाठवू? सल्लागार म्हणतात, रोज काहीतरी टाका.

हिशेबनीस: म्हणजे तुम्हाला चाहते नकोत, राजाश्रय हवाय.

तिरफळ: प्रकाशनपूर्व नोंदणी लावा, छपाईचे पैसे तरी आधी उभे राहतील. माझ्या दोन प्रती लिहून घ्या. टपालखर्च तुमचा.