रूट कॅनॉल झालेली दाढ दीड वर्षाने पुन्हा दुखतेय. खालच्या दाढेला तिसरं मूळ असतं का?

कोयनाकाठ
नमस्कार. खालची डावीकडची पहिली मोठी दाढ. दीड वर्षापूर्वी रूट कॅनॉल झालं, वर कॅप बसली. तेव्हाचा ठणका थांबला, पण त्या बाजूने भाकरीचा कडक पापुद्रा चावला तरी आत खोलवर कळ जाते. दिवाळीपासून हिरडीवर जिभेच्या बाजूला बारीक पुळी येते. फुटली की तोंड खारट होतं, आठ दिवसांनी पुन्हा हजर.

ज्यांनी काम केलं ते डॉक्टर म्हणाले, एक्स-रेत सगळं नीट भरलेलं दिसतंय, कॅप उंच लागत असेल. दोनदा घासून दिली, फरक नाही. मागच्या आठवड्यात दुसरीकडे दाखवलं. त्यांनी एक्स-रेची नळी जराशी तिरकी धरून फोटो काढला आणि म्हणाले, या दाढेला जिभेकडे एक जादा मूळ आहे, त्यात कुणी शिरलेलंच नाही. सीबीसीटी स्कॅन (दाढेचा थ्रीडी एक्स-रे) करून पुन्हा रूट कॅनॉल करायला सांगताहेत. घरचे म्हणतात काढून टाक, इम्प्लांट कर. पहिल्या डॉक्टरांना हे दिसायला नको होतं का? मी खूप चिडलेय.

शाहूपुरी
ताई, घाईने काढू नका. मी 2016 साली कंटाळून अशीच दाढ काढली आणि जागा रिकामी ठेवली. वरची दाढ हळूहळू त्या खड्ड्यात उतरली, मागची पुढे कलली. आता दोन दातांच्या फटीत रोज मेथीची भाजी अडकते.

मुळापाशी
मी एंडोडॉन्टिस्ट आहे. 17 वर्षं फक्त रूट कॅनॉलच करतोय, आणि त्यातही दुसरीकडे फसलेलीच जास्त येतात. म्हणून सविस्तर लिहितो.

हो, असतं तिसरं मूळ. खालच्या पहिल्या दाढेला बहुतेकांना दोन मुळं असतात, एक पुढचं आणि एक मागचं. काहींना मागच्या मुळाच्या शेजारी, जिभेच्या बाजूला तिसरं फुटतं. त्याला रेडिक्स एंटोमोलॅरिस म्हणतात. कॅराबेली यांनी 1844 मध्येच ते नोंदवून ठेवलंय. चीन-तैवानकडच्या लोकांत बरंच आढळतं, आपल्याकडे कमी, पण मला दरवर्षी दिसतं. तुमची पुळी जिभेच्या बाजूला येते, हेही त्या मुळाकडेच बोट दाखवतं.

ते एक्स-रेत का लपतं? फोटो गालाकडून सरळ काढतात, आणि हे मूळ मागच्या मुळाच्या बरोबर पाठीमागे उभं असतं. दोघांची सावली एकच पडते. नळी वीसेक अंश सरकवली की जिभेकडचं मूळ नळीच्याच दिशेला सरकून बाहेर डोकावतं. म्हणजे तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी अगदी योग्य केलं. आणखी एक अडचण म्हणजे या मुळाचं टोक बऱ्याचदा गालाकडे वळलेलं असतं. तो बाक थेट किरणांच्या दिशेत असल्याने साध्या फोटोत मूळ सरळ वाटतं. सरळ समजून ताठ फाईल, म्हणजे मूळ आतून साफ करायची बारीक सुई, घातली तर ती आत तुटू शकते. म्हणून सीबीसीटी टाळू नका. पूर्ण जबड्याचा नको, फक्त त्या भागाचा छोटा स्कॅन पुरतो.

पहिल्या डॉक्टरांबद्दल. पहिल्या वेळी हे मूळ निसटणं मी समजू शकतो. पण पुळी आल्यावर, चावताना दुखतंय हे तुम्ही सांगत असताना, तोच फोटो बघून कॅप घासत बसणं मला पटत नाही. रूट कॅनॉल झालेल्या दाढेजवळ पुळी आली की पहिला प्रश्न हाच पडला पाहिजे की काही राहून गेलंय का. वरच्या पहिल्या दाढेत तर निम्म्याहून जास्त वेळा चौथा कॅनॉल, म्हणजे मुळातली बारीक वाट, असतो, आणि तोही असाच सुटतो.

सापडतो कसा ते सांगतो. दाढ उघडून आतलं सगळं साफ केलं की तळ दिसतो. तळ भिंतींपेक्षा गडद, करडा असतो. त्यावर बारीक काळसर रेघा असतात आणि त्या कॅनॉलच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत जातात. एखादी रेघ मागे जिभेच्या कोपऱ्याकडे जाऊन भिंतीखाली गडप होत असेल, तर तिथे मी थांबतो. हायपोक्लोराइटचे (कॅनॉल धुवायच्या जंतुनाशकाचे) दोन थेंब टाकतो आणि मायक्रोस्कोपमधून बघत राहतो. आत नसेचा अंश उरला असेल तर त्या एकाच ठिकाणाहून बुडबुड्यांची बारीक माळ वर येते. मग अल्ट्रासॉनिक टोकाने अगदी थोडी भिंत खरवडायची, 8 किंवा 10 नंबरची फाईल टोकाला वाकवायची आणि टेकवायची. ती किंचित चिकटते. ती चिकट पकड बोटाला कळली की अजूनही माझा श्वास अडकतो.

एक गोष्ट मात्र आधी तपासून घ्या. मुळाला उभी चीर गेली असेल तर पुन्हा रूट कॅनॉल करून उपयोग नसतो. हिरडीत सगळीकडे मोजपट्टी दोन-तीन मिलिमीटर आणि एकाच जागी खोल घुसली, तर शंका घ्यावी. आणि काढायचीच वेळ आली तरी काढणाऱ्याला तिसऱ्या मुळाचं आधी सांगा, नाहीतर ते वाकडं टोक तुटून आत राहतं.

कोयनाकाठ
डॉक्टर, डोळ्यांत पाणी आलं वाचताना, इतक्या नीट कुणी सांगितलंच नव्हतं. कॅप फोडावी लागेल का?

मुळापाशी
कडेने घट्ट असेल तर मधोमध भोक पाडूनही जाता येतं. मी मात्र शक्यतो काढतो, म्हणजे खालची कीड आणि चीर दोन्ही दिसतात. दोन-तीन वेळा जावं लागेल, मध्ये औषध भरून ठेवतील. भूल देतात, घाबरू नका. रबर डॅम, म्हणजे दाढेभोवती ताणायचा रबरी पडदा, लावतात ना, एवढं विचारा.

कोयनाकाठ
दोन महिन्यांनी लिहितेय. चीर नव्हती. स्कॅनमध्ये तिसरं मूळ स्वच्छ दिसलं, टोक गालाकडे वळलेलं, तुम्ही लिहिलंत तसंच. पहिल्या दिवशी पाऊण तास शोधल्यावर त्याचं तोंड सापडलं, डॉक्टरांनी मला स्क्रीनवर दाखवलं. सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका. दुसऱ्या खेपेला जाईपर्यंत पुळी बसली होती, परत आली नाही. सहा महिन्यांनी एक्स-रेला बोलावलंय. धाकट्या बहिणीची त्याच बाजूची दाढ किडलीय. तिचाही तिरका फोटो आधीच काढायला सांगितलाय.