मदत हवी आहे: आत्यासोबत पणजी आणि जुने गोवे, दोन दिवसांत

नमस्कार मंडळी, मी फोंड्यात राहते. पुढच्या आठवड्यात साताऱ्याहून माझी आत्या येतेय, वय ७४, गुडघे दुखतात. समुद्रकिनारे नकोत, तिला जुनं बंदर बघायचंय.

पहिला दिवस जुन्या गोव्यात: बॉम जेझूस आणि से कॅथेड्रल ही चर्चं, मग व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली मांडवीच्या धक्क्यावर. पोर्तुगीजांचे नवे व्हाइसरॉय याच कमानीतून शहरात शिरत, ते ठिकाण तिला दाखवायचंच आहे. तिथूनच फेरीबोटीने दिवाडी बेटावर जाऊन यावं का? बोटीत चढताना तिला त्रास होईल का?

दुसऱ्या दिवशी पणजीत फोंतेन्हास ही जुनी पोर्तुगीज वळणाची वस्ती आणि महालक्ष्मीचं देऊळ. फोंतेन्हासमध्ये चढ टाळून कुठून फिरवू? गाडी कुठे लावू? दुपारी शांतपणे बसून शाकाहारी जेवता येईल अशी जागाही सुचवा.