मदत हवी आहे : पातळ लॅपटॉप फरशीवर पडल्यास कितपत तग धरतो?

धागाकर्ती : खानापूरकर

नमस्कार,

खानापूर तालुक्यातील पतसंस्था आणि दूध संस्थांची हिशेबतपासणी करणाऱ्या एका कार्यालयात मी काम करते. नंदगड, जांबोटी, बिडी, लोंढा अशा गावांना आम्हाला कधी बसने तर कधी दुचाकीने जावे लागते, आणि संस्थेच्या कार्यालयात जी जागा मिळेल तेथे लॅपटॉप मांडून दिवसभर काम करावे लागते. पूर्वी आमच्याकडे जाडजूड, प्लॅस्टिकच्या कवचाचे लॅपटॉप होते. त्यांचे कोपरे फुटले, झाकणाला चिरा गेल्या, तरीही ती यंत्रे काम देत राहिली. नंतर घेतलेले लॅपटॉप पातळ, हलके आणि धातूच्या कवचाचे आहेत. प्रवासात ते फार सोयीचे पडतात, हे मी मनापासून सांगते, कारण दिवसभर खांद्यावर वजन वागवण्याचा त्रास खरोखरच कमी झाला आहे.

गेल्या आठवड्यात एका दूध संस्थेत काम चालू असताना येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कोणाचा तरी पाय चार्जरच्या वायरीत अडकला आणि माझ्या सहकाऱ्याचा लॅपटॉप टेबलावरून थेट शहाबादी फरशीवर आला. झाकण उघडे होते आणि आघात डाव्या बाजूला, बिजागरीजवळच्या कोपऱ्यावर झाला. चार्जरची पिनही त्याच बाजूला होती. काच फुटली नाही, यंत्र बंद पडले नाही, कोपरा तेवढा किंचित चेपला. त्या दिवशी आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु तीन-चार दिवसांनी झाकण एका ठरावीक कोनात आले की पडदा लुकलुकू लागला, आणि चार्जरची पिन जरा हलली की चार्जिंग थांबू लागले.

मला दोन गोष्टींबद्दल जाणकारांचे मत हवे आहे. पहिली म्हणजे, या यंत्रावर काम चालू ठेवणे कितपत सुरक्षित आहे? त्यात अनेक संस्थांचे हिशेब आहेत आणि ते गमावणे आम्हाला परवडणार नाही. दुसरी म्हणजे, कार्यालयासाठी आणखी काही लॅपटॉप घ्यायचे आहेत. पातळ यंत्रे पडल्यावर खरोखरच लवकर बिघडतात, की हा केवळ आमचा समज आहे? दुकानदार ‘सैनिकी दर्जाची चाचणी’ झालेले मॉडेल पुढे करतात. त्या शब्दांवर किती विसंबावे? आमच्या भागात दुरुस्तीसाठी प्रत्येक वेळी बेळगाव गाठावे लागते, म्हणून केवळ किमतीकडे पाहून निर्णय घेण्याची इच्छा नाही.

प्रतिसाद : दुरुस्तीकर, बेळगाव

ताई, आधी पडलेल्या यंत्राचे पाहू, खरेदीचे नंतर. आज पहिले काम म्हणजे सर्व हिशेबांची प्रत दुसरीकडे घेणे. ‘चालू आहे म्हणजे ठीक आहे’ हा निष्कर्ष पडलेल्या लॅपटॉपच्या बाबतीत धोक्याचा ठरतो. मदरबोर्डवरील, म्हणजे यंत्राच्या मुख्य सर्किट पट्टीवरील, चिपा वितळवलेल्या धातूच्या अतिशय बारीक टाक्यांनी (डाखांनी) जोडलेल्या असतात. आघाताने एखाद्या टाक्याला केसाएवढी चीर गेली, तर यंत्र गरम-थंड होताना ती हळूहळू वाढते आणि दोष काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी डोके वर काढतो. प्रत घेताना एक काळजी घ्यावी. बाहेरून जोडायची डिस्क फिरत्या तबकडीची असेल, तर ती लॅपटॉपपेक्षाही नाजूक असते. त्यामुळे एसएसडी प्रकारची, म्हणजे आत काहीही न फिरणारी, डिस्क वापरावी आणि एक प्रत कार्यालयातच ठेवावी.

त्याचबरोबर विंडोजची बिटलॉकर पुनर्प्राप्ती किल्ली (कुलूपबंद डिस्क उघडण्याचा लांबलचक क्रमांक) मिळवून कागदावर लिहून ठेवा. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्कवरील माहिती आपोआप सांकेतिक स्वरूपात ठेवली जाते. बोर्ड निकामी झाल्यावर आम्ही डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली तरी ती किल्ली नसल्यास माहिती उघडत नाही. आणि ज्या पातळ यंत्रांत साठवण थेट बोर्डवरच डाख दिलेली असते, उदाहरणार्थ सध्याचे मॅकबुक एअर, तेथे डिस्क काढून नेण्याचा मार्गच उरत नाही. ग्राहक ‘निदान हिशेब तरी काढून द्या’ म्हणून येतात आणि नाही म्हणावे लागते, ही आमच्या कामातील सर्वांत वाईट वेळ असते.

आता तपासणी. लॅपटॉप एचडीएमआय वायरीने बाहेरच्या मॉनिटरला किंवा टीव्हीला जोडा. तेथे चित्र स्थिर राहिले आणि लॅपटॉपचा पडदा मात्र झाकण हलवताना लुकलुकला, तर दोष बहुधा बिजागरीतून जाणाऱ्या पडद्याच्या केबलमध्ये आहे. ती बदलता येते आणि खर्चही मानाने कमी येतो. बाहेरच्या मॉनिटरवरही चित्र बिघडत असेल, तर बोर्डची तपासणी करावी लागेल. चार्जिंगचे लक्षण मला अधिक गंभीर वाटते. पिन खोचलेली असताना त्या बाजूवर आघात झाला की पिन तरफेसारखी काम करते आणि बोर्डवरचा यूएसबी-सी सॉकेट उचकटते. सॉकेट ढिला असताना चार्जिंग करत राहिल्यास तेथे उष्णता निर्माण होते, म्हणून तो दुरुस्त होईपर्यंत पिन हलवून हलवून चार्ज करू नये. दुसऱ्या बाजूलाही चार्जिंगचा सॉकेट असेल तर तूर्त तो वापरावा.

बॅटरीकडेही लक्ष द्या. पातळ लॅपटॉपमध्ये टचपॅडच्या आजूबाजूची बरीचशी जागा मऊ पाकिटासारख्या लिथियम बॅटरीने व्यापलेली असते. टचपॅड वर उचलला गेला, तळ फुगला, यंत्र टेबलावर डुलू लागले किंवा गोडसर, रसायनासारखा वास आला, तर त्याच क्षणी चार्जर काढून यंत्र बंद करावे, बॅगेत घालून प्रवास करू नये आणि बॅटरी बदलेपर्यंत चार्जिंगला लावू नये.

पातळ यंत्रे लवकर बिघडतात का, या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देणे योग्य होणार नाही. टेबलाची उंची साधारण ७५ सेंमी असते. तेवढ्यावरून कोणतीही वस्तू सुमारे ०.४ सेकंदात खाली येते आणि जमिनीला टेकताना तिचा वेग ताशी सुमारे १४ किमी असतो, मग ती जड असो वा हलकी. मात्र आघातात मुरणारी ऊर्जा वजनाच्या प्रमाणात असते, म्हणून १.२ किलोच्या यंत्राला २.५ किलोच्या यंत्राच्या निम्म्याहून कमी ऊर्जा झेलावी लागते. हा पातळ यंत्राचा खरा फायदा आहे. दुसरा फायदा एसएसडीचा. जुन्या हार्ड डिस्कमध्ये वाचणारे टोक फिरत्या तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असे आणि चालू अवस्थेत पडल्यास तबकडी ओरखडून माहितीच जात असे. एसएसडीमध्ये हलणारा भाग नसल्याने तो धोका उरलेला नाही. आपले जुने लॅपटॉप कवच फुटूनही चालत राहिले, यात डिस्क वाचली हा नशिबाचाही भाग होता.

तोटा आहे तो कडकपणाचा. एकाच धातूची पट्टी निम्म्या जाडीची केली की तिचा वाकण्याला होणारा विरोध आठव्या हिश्श्यावर येतो. झाकण पातळ झाले, पडद्याची काच पातळ झाली, काचेभोवतीची चौकट काही मिलीमीटरची उरली, त्यामुळे कोपऱ्यावरचा आघात पचवायला मध्ये काहीच राहिले नाही. ॲल्युमिनियम चेपले की तसेच राहते आणि चेपलेला कोपरा काचेवर दाब देत बसतो. चांगले प्लॅस्टिक आणि कार्बन फायबर वाकून पूर्ववत होतात. म्हणून ‘धातूचे म्हणजे मजबूत’ ही समजूत मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सोडून द्यायला सांगतो.

आणि जमीन! तिचा विचार कोणी करत नाही. समजा, ७५ सेंमीवरून पडलेले यंत्र जमिनीला टेकल्यावर १ मिमीत थांबले, तर त्याला गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी ७५० पट झटका बसतो. तेच ५ मिमीत थांबले तर १५० पट. शहाबादी, कडप्पा, ग्रॅनाइट किंवा घोटीव कोबा जराही दबत नाही. सारवलेली जमीन, सतरंजी किंवा जाड चटई काही मिलीमीटर देते आणि तेवढ्यानेच बोर्ड वाचतो. एकच मॉडेल एका घरी पडून सहीसलामत राहते आणि दुसऱ्या घरी निकामी होते, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असते.

प्रतिसाद : निपाणीकर

मी संगणक खरेदीच्या कामात काही वर्षे होतो, म्हणून ‘सैनिकी दर्जा’विषयी लिहितो. हा उल्लेख अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘मिल-एसटीडी-८१०’ या मानकाचा असतो. त्याची ‘एच’ आवृत्ती २०१९ मध्ये आली. त्यातील वाहतुकीदरम्यान पडण्याच्या चाचणीत वस्तू १२२ सेंमीवरून २६ वेळा, म्हणजे सहा पृष्ठे, बारा कडा आणि आठ कोपरे अशा प्रत्येक बाजूवर पाडतात. मात्र ती अनेकदा काँक्रीटवर ठेवलेल्या सुमारे ५ सेंमी जाडीच्या प्लायवूडवर पाडली जाते, आणि हे २६ आघात पाच नमुन्यांमध्ये वाटून घेण्याची मुभा आहे. त्यात आपली शहाबादी फरशी नाही आणि वायरीला लटकत पडणारे, झाकण उघडे असलेले यंत्रही नाही. शिवाय संरक्षण खाते बाजारातील लॅपटॉपना प्रमाणपत्र देत नाही. चाचणी उत्पादक स्वतः करतो किंवा एखाद्या प्रयोगशाळेकडून करून घेतो, आणि मानकातील अनेक चाचण्यांपैकी कोणत्या, किती उंचीवरून घ्यायच्या हेही तोच ठरवतो. चाचणीचा तपशील छापलेला असेल तर त्याला अर्थ आहे; नुसत्या स्टिकरवरून काहीच कळत नाही.

याहून महत्त्वाचे म्हणजे, नेहमीच्या वॉरंटीत पडण्याने झालेले नुकसान धरले जात नाही, चाचणी झालेल्या मॉडेलमध्येही नाही. त्यासाठी अपघाती नुकसानीचे संरक्षण वेगळे विकत घ्यावे लागते, आणि ते खरेदीच्या वेळी किंवा त्यानंतर ठरावीक मुदतीतच मिळते. घेण्यापूर्वी वर्षाला किती वेळा दावा करता येतो, प्रत्येक वेळी आपल्याला किती रक्कम भरावी लागते आणि घरपोच सेवा आपल्या पिनकोडवर मिळते का, हे तिन्ही लेखी मागून घ्यावे. बेळगाव शहरात मिळणारी सेवा जांबोटीला मिळेलच, असे धरून चालू नये.

प्रतिसाद : येळ्ळूरचा शिक्षक

वरील माहिती मान्य करूनही मला वाटते की खेड्यापाड्यांत फिरणाऱ्या माणसाने जाड यंत्रच घ्यावे. आमच्या शाळेतील जुना लॅपटॉप मुलांच्या हातून पडूनही चालतो आहे.

प्रतिसाद : दुरुस्तीकर, बेळगाव

सर, आपले म्हणणे एका बाबतीत अगदी योग्य आहे. जाड यंत्रात पडदा, कीबोर्ड, रॅम, डिस्क हे सर्व वेगवेगळे काढता येते, म्हणून एक भाग गेला तर तेवढाच बदलता येतो. परंतु जाड आणि स्वस्त यंत्रात बिजागरीचे स्क्रू पुष्कळदा प्लॅस्टिकमध्ये बसवलेल्या पितळी नटांत असतात, आणि वजनदार झाकणासह यंत्र पडले की ते नट उपटून येतात. माझ्याकडे येणाऱ्या जाड यंत्रांत ही तक्रार फार असते. त्यामुळे ताईंना माझा सल्ला असा की जाडी मोजण्याऐवजी कार्यालयीन वापरासाठी बनवलेल्या मालिकेतील, १.३ ते १.६ किलोचे मॉडेल पाहावे. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडले तरी वाकू नये, एसएसडी वेगळी काढता यावी, चार्जिंगचा सॉकेट शक्यतो दोन्ही बाजूंना असावा, आणि बेळगावात त्याचे पडदे व कीबोर्ड मिळतात का हे आधी विचारून घ्यावे.

बॅग घेताना लॅपटॉपचा कप्पा बॅगेच्या तळापर्यंत पोहोचत नाही ना, हे हात घालून पाहा. कप्पा तळापासून दोन-तीन बोटे वर शिवलेला असला की बॅग फरशीवर टेकवताना कडा आपटत नाहीत. चार्जरचा ठोकळा वेगळ्या खिशात ठेवा. गर्दीत दाबला गेल्यास तो झाकणातून काचेवर रुततो, आणि न पडताच फुटलेले असे पडदे आमच्याकडे सतत येतात. बसच्या वरच्या फळीवर बॅग ठेवू नका, तेथून ती टेबलाच्या दुप्पट उंचीवरून पडते.

धागाकर्ती : खानापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. हिशेबांची प्रत घेतली, किल्लीही लिहून ठेवली. टीव्हीला जोडल्यावर चित्र स्थिर राहिले, म्हणजे केबलचाच दोष असावा. सॉकेट मात्र हाताला ढिला लागतो. आणखी एकच शंका आहे. केबल आणि सॉकेट दोन्ही बदलून घेतले, तर चेपलेला कोपरा तसाच ठेवला तर चालेल का?

प्रतिसाद : दुरुस्तीकर, बेळगाव

तसाच ठेवू नका, ताई. केबलसाठी झाकण उघडावे लागणारच आहे. त्याच वेळी पडदा बाहेर काढून चेपलेली कड आतून सरळ करून घ्यायला सांगा. पडदा जागेवर असताना कोणी पकडीने बाहेरून कड ओढू लागल्यास थांबवा, कारण काच त्याच वेळी फुटते. बिजागरी घट्ट झाली असेल तर तीही सैल करून घ्या. यंत्र परत घेताना झाकण मधोमध धरून दोन-तीनदा उघडून पाहा, आणि पडदा पांढरा ठेवून त्या कोपऱ्यात काळसर डाग किंवा रेघ दिसत नाही ना, हे दुकानातच तपासा.