रोड बाईकवर क्लिपलेस शिकायचंय: थेट तीन बोल्टचं पेडल की आधी दोन बोल्टचं?

घाटवाट
क्लिपलेस म्हणजे बुटाच्या तळव्याला बोल्टने बसवलेला छोटा तुकडा, म्हणजे क्लीट, पकडून ठेवणारं पेडल. नवी रोड बाईक घेतली की दुकानदार बऱ्याचदा सोबत शिमानो कंपनीचे एसपीडी-एसएल, म्हणजे तीन बोल्टच्या क्लीटचे पेडल आणि कडक तळव्याचे शूज देतो. शहरात चालवणाऱ्या नवशिक्यासाठी मला ही निवड चुकीची वाटते. आधी दोन बोल्टचं एसपीडी घ्यावं.

तीन बोल्टच्या पेडलला पकड एकाच बाजूला असते. मागची बाजू जड असल्याने ते टोक वर करून लटकतं आणि बुटाच्या नाकाने ते अचूक पकडावं लागतं. सिग्नल हिरवा झाला, मागून बस हॉर्न देतेय आणि पेडल उलटं फिरलेलं असलं, तर गुळगुळीत तळवा त्यावरून सटकतो. एम५२० सारखं एसपीडी दोन्ही बाजूंनी चालतं. त्याची धातूची छोटी क्लीट तळव्याच्या खाचेत बसते, त्यामुळे पाय टेकवून नीट उभं राहता येतं, चालताही येतं.

पकडीचा ताण पहिल्याच दिवशी किमान करा: ३ मिमीची ॲलन की, स्क्रू घड्याळाच्या उलट्या दिशेने. दोन्ही बाजूंच्या पेडलला प्रत्येकी दोन, म्हणजे एकूण चार स्क्रू असतात. एखादा राहिला तर पाय कधी सहज सुटतो, कधी अडकतो आणि कारण लक्षात येत नाही.

शेवंती
पूर्ण असहमत. माणूस पडतो तो पेडलच्या प्रकारामुळे नाही, पाय उशिरा सोडवल्यामुळे. टाच बाहेर फिरवायची क्रिया दोन्हीकडे एकच आहे. मग शूज आणि पेडल दोनदा का घ्यायचे? दोन बोल्टच्या बहुतेक शूजना तीन बोल्टची छिद्रं नसतात, म्हणजे पुढे बदलताना सगळाच खर्च पुन्हा.

तीन बोल्टच्या क्लीटचा पृष्ठभाग मोठा असतो, दाब चवड्यावर पसरतो. लांबच्या राईडला तळव्याच्या एकाच जागी जळजळ होते, ती त्यामुळे कमी होते. शिमानोची पिवळी क्लीट घ्या, तिच्यात पायाला ६ अंशांची मोकळीक असते. निळीत २ असते, लाल पूर्ण स्थिर. लाल नवशिक्यांनी घेऊच नये.

शिकण्याचा क्रम: आधी भिंतीला धरून किंवा ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी धरणाऱ्या स्टँडवर), एकेका पायाने, खाली बघायची गरज संपेपर्यंत. मग मोकळं मैदान किंवा रिकामं पार्किंग. थांबायच्या १०–१५ मीटर आधी गियर हलका करा, डावं पेडल खाली आणा, टाच बाहेर फिरवून पाय सोडवा, मग ब्रेक. पाय वर ओढायचा नाही, घाबरल्यावर हात-पाय नेमकं तेच करतात. आणि नेहमी डावाच पाय सोडवा. आपल्याकडे मागून येणारी वाहनं सायकलच्या उजवीकडून पुढे जातात, सायकल डावीकडेच कललेली बरी. डावा पाय सुटलाय आणि वजन उजवीकडे गेलं, की पडणं टळत नाही.

सपाटपायी
दोघंही मूळ प्रश्न टाळताय: शहरातल्या माणसाला क्लिपलेस हवंच कशाला? "पेडल वर ओढता येतं म्हणून ताकद वाढते" हे दुकानातलं वाक्य आहे. एकसारख्या वेगात सराईत सायकलस्वारही मागचा पाय ओढत नाहीत. फार तर त्याचं वजन पेडलवरून कमी करतात. जोर येतो तो खाली दाबण्यातूनच.

आता घाट घ्या. ३४ दातांची पुढची चकती, ३२ ची मागची, वेग ताशी ८ किमी: पेडलचे मिनिटाला जेमतेम ६० फेरे. सिंहगडाच्या एखाद्या तीव्र वळणावर समोरून गाडी आली आणि फेरा अडला, तर सायकल क्षणात थांबते. तेव्हा सगळा जोर खाली दाबण्यात असतो, टाच फिरवायला पाय मोकळाच नसतो. बूट सटकू नये म्हणून बारीक पिना असलेलं चांगलं सपाट पेडल आणि सपाट, कडक तळव्याचे बूट यात नवशिक्याचं भागतं.

घाटवाट
ताकदीबद्दलचं म्हणणं मान्य, ओढण्यासाठी क्लिपलेस घेऊ नये. पण खडबडीत रस्त्यावर, उभं राहून पेडल मारताना किंवा मिनिटाला १०० च्या पुढे फेरे गेले की पाय जागेवरून हलत नाही, हा फायदा खरा आहे. उतारावर खड्ड्यात पाय पेडलवरून उडाला तर नडगी फुटते, तोलही जातो.

घाटातल्या अडचणीवर उपाय आहे: चढ झेपणार नाही असं वाटलं, की वेग शिल्लक असतानाच एक पाय सोडवायचा आणि बुटाचा मधला भाग पेडलवर ठेवून मारत राहायचं. छोट्या एसपीडीवर हे कसंबसं जमतं. पीडी-ईएच५०० सारख्या पेडलवर नीट जमतं, कारण त्याची एक बाजू सपाट असते. रोज ऑफिसला जाणाऱ्याला मी तेच सुचवेन.

आणि शेवंती, इतिहासही माझ्या बाजूचा आहे. लूक या फ्रेंच कंपनीने स्कीच्या पकडीवरून १९८४ मध्ये आणलेलं पेडल शर्यतीसाठी होतं, १९८५ ची तूर द फ्रान्स ही शर्यत फ्रेंच सायकलपटू बर्नार इनोने त्यावरच जिंकली. तिथे सिग्नल नसतात. शिमानोने १९९० मध्ये एसपीडी आणलं ते माउंटन बाईकसाठी, जिथे उतरून चालावंच लागतं. आपली शहरं कशाच्या जवळची आहेत?

कातरवेळ
पेडलवरून वाद चाललाय, पण गुडघे बिघडतात ते क्लीट चुकीची बसवल्याने. त्यावर कोणीच बोललेलं नाही.

बूट घालून अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळाशी असलेले उंचवटे बाहेरून पेनाने खुणा करून घ्या. पेडलचा आस त्या दोन खुणांच्या मधोमध यावा. शंका असेल तर क्लीट थोडी टाचेकडे सरकवा, बोटांकडे नको. फार पुढे गेली की पोटरी आणि टाचेमागची शीर ताणली जाते. कोनासाठी उंच टेबलावर बसून पाय सैल सोडा. चवडे नैसर्गिकपणे जितके बाहेर वळतात, तितकी क्लीट वळवा. गुडघ्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला दुखू लागलं तर आधी हा कोन तपासा.

बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावा, ४ मिमीच्या ॲलन कीने ५–६ न्यूटन मीटर आवळा, पहिल्या राईडनंतर पुन्हा तपासा. यात हयगय नको. बोल्ट सैल झाला किंवा पडला, तर बूट फिरतो पण क्लीट जागीच राहते आणि पाय सुटतच नाही. बाकी सगळ्या चुकांपेक्षा ही धोक्याची.

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, जोर लावून खराब करू नका. पेडल आणि तळव्याची जाडी बदलली की सीटची उंचीही पुन्हा मोजा. पावसाळ्यात ताम्हिणीकडे जाणार असाल तर मात्र मी घाटवाट यांच्या बाजूने. तीन बोल्टची प्लास्टिक क्लीट चिखलात टेकली की पकडीत बसत नाही आणि डांबरावर चालून झिजते ती वेगळीच.

शेवंती
चिखलाचा मुद्दा मान्य. पावसाळी राईडला दोन बोल्ट बरं.

पण एसपीडी घेणाऱ्यांना अनेकजण शिमानोची एसएच५६ क्लीट सुचवतात, कारण ती वर ओढूनही सुटते. मी ती देणार नाही. उभं राहून जोर मारताना ती नको तेव्हा सुटते आणि पाय वर ओढायची सवयही पक्की होते. पहिल्या दिवसापासून काळी एसएच५१, जी टाच फिरवूनच सुटते, आणि ताण किमान.

सपाटपायी
एसएच५६ बद्दल उलट मत. पहिले दोन महिने जोरात उभं राहून मारायचंय कोणाला? घाबरलेला पाय कुठल्याही दिशेने सुटावा, नवशिक्याला तेच हवं. क्लीट नंतर बदलता येते, मनगट मोडलं तर दीड महिना प्लास्टर.