मदत हवी आहे: ओल्या रस्त्यावर गाडी मागून सरकते

राजेहो, दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर पाऊस लागला की ब्रेक मारताच आमची गाडी मागून सरकते. टायरची नक्षी तीनेक मिलिमीटर आहे, म्हणजे १.६ च्या कायदेशीर मर्यादेच्या वर. पण बाजूला २३१८ छापलंय, म्हणजे २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यातले टायर. रबर नखानं दाबलं तर दबतच नाही. टायरवाला म्हणतो, हवा कमी ठेवा, पकड वाढते. मला हे पटत नाही. कमी हवेनं खाचा दबतात, पाणी बाहेर निघत नाही अन् टायर पाण्यावरच तरंगतो ना? वावरातून निघालेल्या ट्रॅक्टरांनी डांबरावर लेपलेली काळी माती वेगळीच! चारही बदलू की दोनच? दोनच घेतले तर नवे मागे लावायचे ना? इकडे सगळे पुढेच लावतात.