पीथमपूर बहरले, झाबुआ मागेच: दोष खुल्या बाजाराचा का?

माळवेकर
नीती आयोगाच्या 2021 च्या बहुआयामी गरिबी निर्देशांकात आपल्या इंदूर जिल्ह्यातले सुमारे 11 टक्के लोक गरीब ठरले आणि झाबुआशेजारच्या आदिवासी अलीराजपूर जिल्ह्यातले सुमारे 71 टक्के. जुलै 1991 मध्ये बहुतेक उद्योगांसाठीची परवाना पद्धत गेली, तिच्याबरोबर कारखाना कुठे निघावा हे ठरवण्याचा सरकारचा अधिकारही बराचसा गेला, आणि रस्ते, वीज व कुशल कामगार जिथे आधीच होते तिथेच भांडवल वळले. ही दरी 1991 च्या आर्थिक सुधारणांनी रुंदावली, असे माझे मत आहे.

तुकोगंजकर
असहमत. परवान्यांच्या काळात झाबुआला काय मिळाले होते? इंदूरजवळची पीथमपूर औद्योगिक वसाहतही खुल्या बाजाराने उभी केलेली नाही. धार जिल्हा मागास म्हणून मिळालेल्या सवलतींवर ती 1980 च्या दशकात वसली. आयशर आणि बजाज टेम्पो या वाहन कंपन्या तेव्हाच आल्या. मात्र सवलत सबंध जिल्ह्याला असल्याने उद्योजकांनी त्यातला इंदूरला खेटून असलेला कोपरा निवडला आणि त्याच जिल्ह्यातले कुक्षी, डही हे तालुके जिथल्या तिथे राहिले. भाडे समानीकरणाचे, म्हणजे वाहतुकीचे अंतर कितीही असले तरी पोलादासारख्या मालाचा भाव देशभर सारखा ठेवण्याच्या सरकारी धोरणाचेही तेच. भिलाई तेव्हा आपल्याच राज्यात होते, पण तिथले पोलाद मुंबईलाही त्याच भावाने मिळत असे. म्हणजे जवळ असण्याचा फायदा सरकारनेच काढून घेतला होता. (इंदूरची हुकुमचंद कापड मिल डिसेंबर 1991 मध्ये बंद पडली म्हणून तिचेही खापर सुधारणांवर फुटते. कापड गिरण्यांचे दुखणे त्याहून पुष्कळ जुने होते.)

माळवेकर
मग सवलत तालुका पाहून द्यायला हवी होती, एवढेच त्यातून सिद्ध होते. सरकारने अंग काढून घ्यावे, असे नव्हे.

महूची वाचक
कारखाना झाबुआत यायलाच हवा, हा आग्रह का? तिथली माणसे सुरत, वडोदऱ्याला जाऊन कमावतात. त्याच आयोगाच्या 2023 च्या अहवालात मध्य प्रदेशातील गरिबी 36.57 वरून 20.63 टक्क्यांवर आलेली दिसते.

माळवेकर
ताई, त्या कमाईची किंमतही पाहावी. झाबुआ, अलीराजपूर आणि धारचे आदिवासी मजूर गोध्र्याच्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत गेले आणि सिलिकोसिस हा धुळीमुळे होणारा फुप्फुसांचा आजार घेऊन परतले. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 238 मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी 3 लाख रुपये देण्यास गुजरात सरकारला सांगितले. घराजवळ रोजगार असता तर यांतले किती जण तिकडे गेले असते? आणि इंदूर–दाहोद रेल्वेमार्गाची पायाभरणी 2008 मध्ये होऊनही काम वर्षानुवर्षे रेंगाळले, तो दोष बाजाराचा खचितच नाही.

तुकोगंजकर
गोध्र्यात कारखान्यांवरची देखरेख चुकली. मजुरांच्या स्थलांतराला त्यासाठी दोषी धरता येत नाही. रेल्वेचे म्हणाल, तर झाबुआ जिल्ह्यातले मेघनगर दिल्ली–मुंबई मार्गावरच आहे आणि तिथे औद्योगिक क्षेत्रही आहे, तरी त्याचे पीथमपूर झाले नाही. 2011 च्या जनगणनेत अलीराजपूरची साक्षरता जेमतेम 36 टक्के, देशातल्या सर्व जिल्ह्यांत सर्वांत कमी होती. उद्योगपतींना आणखी करमाफी देण्याऐवजी तो पैसा तिथल्या शाळांवर आणि आयटीआयवर खर्च करायला आपली हरकत आहे का?